अडीच टनांच्या मासेमारी बोटीसाठी सहायक मोटर कशी निवडावी

आपला प्रश्न मी असा समजतो. आपण कोल्हापुरात राहता आणि मालवणच्या मेहुण्यांबरोबर भागीदारीत पाहुण्यांना मासेमारीला नेणारी २६ फुटी फायबरची बोट चालवता. बोटीवर ११५ अश्वशक्तीचे एक फोरस्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीवर टांगलेले इंजिन, आहे, आणि माणसे, पेट्रोल, बर्फ व सामान धरून बोटीचे वजन अडीच टनांच्या आसपास जाते. सुरमईसाठी जिवंत बांगडा गळाला लावून बोट संथ चालवायची असते, परंतु मोठे इंजिन अगदी आयडलवर गिअरमध्ये टाकले तरी बोट चार नॉटच्या खाली येत नाही आणि बांगडा ओढून ओढून मरतो. म्हणून ऑनलाइन मिळणारी १२ व्होल्टची, ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे रेट्याची) इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर, म्हणजे गळ मागे ओढत बोट संथ चालवण्याची मोटर, घेऊन ती घरच्या इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्यांवर चालवावी का, की सरळ पेट्रोलचे छोटे इंजिन लावावे, असे आपण विचारले आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग आणि आउटबोर्ड दुरुस्ती हेच माझे रोजचे काम आहे, आणि मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातील बोटींची कामेही माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून उत्तर आधी थोडक्यात देतो. ५५ पौंडांची मोटर आपल्या बोटीला पुरणार नाही. संथ ट्रोलिंग हेच मुख्य काम असेल तर ९.९ अश्वशक्तीचे, लांब शाफ्टचे, हाय-थ्रस्ट प्रकारचे फोरस्ट्रोक आउटबोर्ड हीच योग्य निवड आहे. इलेक्ट्रिक मोटर नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) बसवायची तर ती खडकावर बोट एका जागी धरून ठेवण्यासाठी बसवावी, चार-पाच तास बोट चालवत नेण्यासाठी नव्हे. मात्र यांपैकी काहीही विकत घेण्यापूर्वी दोन मोजमापे करावीत. हा खर्च मोठा आहे आणि चुकीची मोटर एकदा खाऱ्या पाण्यात वापरली की तिला परत घेणारा मिळत नाही.

पहिला विचार वेगाचा करावा. सुरमई किंवा कुप्यासाठी प्लॅस्टिकचा बनावटी मासा ओढायचा असेल तर पाच ते सात नॉट वेग लागतो आणि तो आपले मोठे इंजिन आरामात देते. त्या कामाला सहायक मोटरची गरजच नाही. जिवंत बांगडा किंवा तारली लावल्यावर मात्र दीड ते अडीच नॉट, म्हणजे ताशी पावणेतीन ते साडेचार किलोमीटर, एवढाच वेग हवा. तेव्हा आपल्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्या या संथ प्रकारच्या असतात ते मेहुण्यांशी बसून प्रामाणिकपणे ठरवा. अधूनमधूनच तशी मासेमारी होत असेल तर पुढचा बराच खर्च टाळता येईल.

आपल्या इंजिनाची आयडल गती किती आहे आणि ती कमी करता येते का, हेही पाहून घ्यावे. अलीकडच्या बऱ्याच इंधन-इंजेक्शनच्या आउटबोर्डांत ट्रोलिंगसाठी वेगळी सोय असते. त्यात बटणाने किंवा डिजिटल मीटरवरून फेरे पन्नास-पन्नासने कमी-जास्त करता येतात आणि मिनिटाला साडेसहाशे-सातशे फेऱ्यांपर्यंत खाली आणता येतात. ही सोय आपल्या मॉडेलमध्ये असूनही चालू केलेली नसणे अगदी शक्य आहे. वेग मोजताना मोबाइलवरील जीपीएसचा एकच आकडा धरू नका. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात मिसळलेला असतो, म्हणून त्याच रेषेवर एकदा जाताना आणि एकदा येताना मोजून सरासरी घ्या. चार नॉट म्हणून जे सांगितले आहे ते प्रत्यक्षात तीन निघाले, तर त्यासाठी दुसरे इंजिन घेण्याची गरज नाही. समुद्रात टाकायची कापडी ड्रोग पिशवी पिछाडीच्या दोन्ही खुंट्यांना बांधून वेग आणखी कमी होतो आणि बोट सरळही राहते. पंख्यामागे (प्रॉपेलरमागे) बसवायची ट्रोलिंग प्लेटही मिळते, पण ती खाली असताना कोणी जोरात थ्रॉटल दिले तर प्लेट तरी वाकते किंवा तिचे बोल्ट तरी उखडतात. पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या बोटीवर मी ती सुचवत नाही.

आता रेट्याचा हिशेब पाहू. इलेक्ट्रिक मोटरचा थ्रस्ट पौंडांत सांगतात. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. त्या हिशेबाने ५५ पौंड म्हणजे २५ किलो, ८० पौंड म्हणजे ३६ किलो आणि ११२ पौंड म्हणजे सुमारे ५१ किलो रेटा. बाजारातल्या मोटरींचे हेच तीन टप्पे साधारणपणे १२, २४ आणि ३६ व्होल्टचे असतात. भरलेल्या बोटीच्या दर १०० किलो वजनामागे किमान २ किलो रेटा असावा, असा विक्रेत्यांचा ठोकताळा आहे. अडीच टनांना तो ५० किलो येतो आणि वारा-प्रवाहासाठी त्यात पाव हिस्सा वाढवायचा म्हटला की ६२ किलो. म्हणजे आपण पाहिलेली मोटर ठोकताळ्याच्या निम्मीसुद्धा नाही आणि ३६ व्होल्टची ११२ पौंडांची मोटरही काठावरच आहे. शिवाय हा रेटा बोट जागेवर बांधून मोजलेला असतो; बोट चालू लागली की तो घटतो.

मात्र हा ठोकताळा कुठून आला तेही लक्षात घ्यावे. इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर १९३४ साली अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो गावी जन्मली आणि तिच्या आजूबाजूचा मुलूख गोड्या पाण्याच्या तलावांचा आहे. हलकी, बुटकी, काठ कमी उंचीचे असलेली बोट आणि लाटा नसलेले पाणी हे गृहीत धरूनच वजनावर आधारलेला हिशेब चालतो. कळंबा किंवा काळम्मावाडीच्या पाण्यावर तो बहुतेक वेळा बरोबर येईल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेर, उघड्या समुद्रावर, आपल्या बोटीला खरा विरोध तिच्या वजनाचा नसून वाऱ्याचा असतो.

वाऱ्याचा हिशेब अवघड नाही. हवेचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या बोटीची एक बाजू, पाण्याच्या वरचा काठ, मधले कन्सोल (चाक व मीटर असलेला चौथरा), वरचे छत आणि उभी माणसे धरून सुमारे ८ चौरस मीटर भरेल. ताशी २० किलोमीटरचा वारा त्या बाजूवर थेट आडवा लागला तर सुमारे १५ किलोंचा दाब येतो. वारा ताशी ३० किलोमीटर झाला की तोच दाब ३५ किलोंच्या घरात जातो. सकाळच्या मतलई वाऱ्यात जी मोटर उत्तम चालली, तीच दुपारी समुद्रावरचा वारा सुटल्यावर बोटीचे तोंड वळवू शकत नाही, त्याचे कारण या वर्गाच्या वाढीत आहे. आणि दुपारी वारा सुटला म्हणून पाहुणे गळ गुंडाळत नाहीत. म्हणून मोटर निवडताना आपल्याकडच्या दुपारचा वारा धरावा.

अंदाजावर राहण्यापेक्षा आपल्या बोटीला प्रत्यक्ष किती ओढ लागते ते मोजता येते आणि मी प्रत्येक मोठ्या बोटीसाठी हे करायला सांगतो. ३०० किलोंपर्यंतचा हुकाचा डिजिटल काटा घ्या. लोखंड किंवा भंगार तोलणाऱ्यांकडे तो असतो. शेजाऱ्याच्या बोटीच्या मागे ३० मीटर दोर सोडा, म्हणजे तिच्या पंख्याचे पाणी आपल्या नाळेवर येणार नाही. दोराचे टोक आपल्या नाळेच्या खुंट्याला थेट न बांधता मध्ये काटा अडकवा आणि काटा पाण्यात पडू नये म्हणून त्याला वेगळी सुरक्षा दोरी ठेवा. आपले मोठे इंजिन बंद, न्यूट्रलमध्ये, पण त्याचा पाय (पंखा असलेला खालचा भाग) पाण्यातच ठेवा. मासेमारी करताना तो तसाच राहणार आहे. माणसे, पेट्रोल, बर्फ सगळे नेहमीप्रमाणे भरलेले असावे. आता पुढच्या बोटीला अडीच नॉटवर चालवायला सांगा. लाटेबरोबर काट्यावरचा आकडा खाली-वर नाचेल. मिनिटभर पाहून मधला आकडा लिहून घ्या, आणि सर्वांत मोठा आकडाही लिहा. हेच एकदा सकाळी शांत पाण्यात आणि एकदा दुपारी वाऱ्याच्या तोंडावर करा. शांत पाण्यात एवढ्या संथ वेगाला काटा आश्चर्य वाटावे इतका कमी आकडा दाखवतो, कारण तरंगणारी वस्तू हळू ओढायला फार जोर लागत नाही. दुपारचा आकडा मात्र वेगळीच हकिगत सांगतो. दुपारच्या मधल्या आकड्याच्या दुप्पट रेटा देणारी मोटर किंवा इंजिन घ्यावे, हा माझा नियम आहे. त्या दुपटीत चालत्या बोटीवर घटणारा रेटा, वळताना लागणारा जादा जोर आणि बोटीच्या तळाला पुढे साचणारे शेवाळ-शिंपले हे सगळे येते.

यानंतर प्रश्न येतो ताकद किती वेळ पुरते याचा, आणि इलेक्ट्रिक मोटर इथे मागे पडते. ११२ पौंडांची ३६ व्होल्टची मोटर पूर्ण जोरावर सुमारे ५२ अँपिअर घेते. तिला १०० अँपिअर-तासांच्या तीन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या मालिकेत जोडाव्या लागतात. त्यांतली नव्वद टक्के वीज वापरली तरी पूर्ण जोरावर पावणेदोन तासांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि निम्म्या प्रवाहावर साडेतीन तास. निम्म्या प्रवाहाला रेटा निम्म्याहून थोडा जास्त मिळतो, त्यामुळे शांत पाण्यावर बोट बराच वेळ चालेल. पण वारा सुटला की आपण पुन्हा पूर्ण जोरावर येतो आणि तासाभरात बॅटरी संपत येते, तेही किनारा लांब असताना. याउलट लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट उष्णता असते. छोटे इंजिन संथ गतीला त्यातली पाचवा-सहावा हिस्साच पंख्यापर्यंत पोहोचवते असे धरले, तरी १० लिटरचा डबा त्या तिन्ही बॅटऱ्यांच्या संचाच्या चौपट काम देतो. संथ ट्रोलिंगला असे इंजिन ताशी लिटरभराच्या आसपास पेट्रोल घेते. दिवसभराच्या फेरीसाठी हा फरक निर्णायक आहे.

इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांबद्दल स्पष्टच लिहितो: त्या बोटीवर नेऊ नका. वेळेचा हिशेब केला तर १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडून १२ व्होल्टची मोटर अडीच-तीन तास चालेलही. अडचण वेगळी आहे. या बॅटऱ्या घराच्या कोपऱ्यात स्थिर उभ्या राहण्यासाठी बनवलेल्या असतात. प्रत्येकीचे वजन पन्नास किलोंहून अधिक, आत पातळ आम्ल आणि वर उघडी झाकणे. बोट डोलली की आम्ल सांडते, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि समुद्राचे पाणी आत शिरले तर मिठातून क्लोरीन वायू तयार होतो. बंद कप्प्यात क्लोरीन श्वासात जाणे जिवावर बेतू शकते. शिशाचीच बॅटरी हवी असेल तर सीलबंद एजीएम (आतले आम्ल गादीत शोषलेली, न सांडणारी) डीप-सायकल घ्यावी आणि तिची निम्मीच क्षमता वापरण्याजोगी धरावी.

आता पेट्रोलच्या सहायक इंजिनाकडे येतो. इथे अश्वशक्तीपेक्षा गिअरचे प्रमाण आणि पंखा यांकडे अधिक लक्ष द्यावे. ९.९ अश्वशक्तीच्या साध्या आउटबोर्डात इंजिनाचे साधारण दोन फेरे झाले की पंख्याचा एक फेरा होतो. ते हलक्या होडीला पळवण्यासाठी असते. हाय-थ्रस्ट प्रकारात हे प्रमाण तीनास एकच्या जवळ जाते, पंखा मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे जाणारा) असतो, म्हणून तो हळू फिरून जास्त पाणी ढकलतो. अडीच टनांच्या बोटीला साधा पंखा लावला तर तो पाणी नुसता घुसळतो, इंजिनाचा आवाज वाढतो आणि बोट वाऱ्यात तिरकी जात राहते. दोन्हींची अश्वशक्ती कागदावर सारखीच असते, त्यामुळे दुकानदार स्वस्तातले पुढे करतो. आपण गिअरचे प्रमाण विचारून मगच पुढे बोला. ६ अश्वशक्तीवर समाधान मानू नये, आणि १५ अश्वशक्तीची गरज आपल्याला नाही, वजन तेवढे वाढेल. ९.९ चे हाय-थ्रस्ट इंजिन ४५ ते ५० किलोंच्या आसपास भरते आणि मोठे इंजिन बंद पडले तर शांत समुद्रात आपली बोट चार-पाच नॉटने किनाऱ्याला आणते. हा दुसरा फायदा माझ्या दृष्टीने पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण आपल्या बोटीवर इंजिन एकच आहे आणि पाहुणे पोहणारे असतीलच असे नाही.

शाफ्ट २५ इंचीच घ्यावा. २० इंची शाफ्ट बंदरात नीट चालतो, पण बाहेर लाटेवर पिछाडी उचलली की पंखा पाण्याच्या वर येऊन हवा खातो, फेरे एकदम वाढतात आणि पुढची लाट आली की पंख्याला हिसका बसतो. हा प्रकार दिवसभर चालला तर गिअर टिकत नाहीत. इलेक्ट्रिक स्टार्ट आणि चार्जिंगची सोय असलेले मॉडेल घ्या, म्हणजे बांगडे जिवंत ठेवणाऱ्या टाकीचा पंप आणि फिशफाइंडर यांचा भार मुख्य बॅटरीवर पडून राहणार नाही.

इंजिनापेक्षा अधिक काळजी ते ज्या ब्रॅकेटवर टांगायचे त्याची करावी. कोल्हापुरात कोणतीही वस्तू बनवून मिळते याचा आपल्याला रास्त अभिमान आहे, आणि उद्यमनगरातून साध्या लोखंडाचा ब्रॅकेट करून, रंग मारून, बोटीवर चढवलेला मी अनेकदा पाहतो. एका मोसमात खारे पाणी रंगाखाली शिरते आणि वेल्डिंगच्या कडेने ब्रॅकेट फुगून सुटू लागतो. करून घ्यायचाच असेल तर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये घ्या. ३०४ ग्रेड दिसायला तसाच असतो, पण खाऱ्या पाण्यात त्यावर खड्डे पडतात. अ‍ॅल्युमिनिअमचा ब्रॅकेट असेल तर तो आणि स्टेनलेसचे बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर आणि बुश टाका, नाहीतर दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनिअम पांढऱ्या पावडरीसारखे झडते. ब्रॅकेट वर-खाली सरकणारा असेल तर त्याची वजनमर्यादा इंजिनाच्या वजनाच्या किमान दीडपट हवी. ५० किलोंचे इंजिन लाटेच्या हिसक्यात ५० किलोंचे राहत नाही.

ट्रान्समला, म्हणजे इंजिन टांगतात त्या पिछाडीच्या फळीला, भोके पाडताना स्वतः उभे राहा. ड्रिल फायबरच्या थरातून आत गेले की आतल्या लाकडाचा भुसा बाहेर येतो. तो हातात घेऊन पाहा. भुसा कोरडा, फिकट आणि बोटांवरून झडणारा असेल तर ट्रान्सम निरोगी आहे. तो ओलसर, काळपट असेल आणि चिमटीत दाबल्यावर एकमेकांना चिकटत असेल, तर आत पाणी मुरलेले आहे आणि लाकूड कुजत चालले आहे. अशा वेळी काम तिथेच थांबवावे, कारण त्याच ट्रान्समवर आपले ११५ अश्वशक्तीचे इंजिनही लटकलेले आहे. लाकूड चांगले असेल तर भोक बोल्टपेक्षा मोठे पाडून, ते इपॉक्सीने पूर्ण भरून, सुकल्यावर त्यात बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. मग बोल्टच्या कडेने झिरपलेले पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. आतल्या बाजूने रुंद पट्टी द्यावी आणि पॉलियुरेथेनचा मरीन सीलंट वापरावा. घरकामाचे सिलिकॉन इथे चालत नाही.

पेट्रोलचा डबा सहायक इंजिनासाठी वेगळा ठेवावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मुख्य टाकीवरूनच नळी काढली तर काम सोपे होते, परंतु मोठे इंजिन टाकीतल्या पाण्यामुळे बंद पडले तर त्याच टाकीवरचे छोटे इंजिनही पाच मिनिटांत बंद पडेल आणि घरी आणणारे इंजिन म्हणून त्याचा उपयोग उरणार नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच जिल्ह्यातील साखर कारखाने ते बनवतात आणि रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना त्याची सवय आहे. पण पुष्कळ आउटबोर्डांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते, म्हणून खरेदीपूर्वी पुस्तिकेतले ते पान वाचा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि पुरेसे पाणी मिळाले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, नेमके नळीच्या तोंडाशी. समुद्रावरच्या दमट हवेत अर्धा भरलेला डबा आठवडेच्या आठवडे ठेवू नये, आणि पाणी वेगळे करणारा, खाली पारदर्शक वाटी असलेला फिल्टर दोन्ही इंजिनांना असावा. जुनी रबरी नळी इथेनॉलने आतून सुटते. ती बदलून टाकावी.

सहायक इंजिन ट्रान्समच्या एका बाजूला बसते, म्हणून ते बोटीचे तोंड सतत दुसऱ्या बाजूला ढकलत राहते. मोठ्या इंजिनाचा पाय पाण्यात सरळ ठेवला तर तो सुकाण्याच्या पात्यासारखा काम करतो. दोन्ही इंजिने जोडदांडीने जोडली की पुढच्या चाकावरूनच छोटे इंजिन वळते आणि एक माणूस मागे अडकून पडत नाही. दांडीची जोडणी चटकन सुटणारी असावी, कारण मोठे इंजिन पूर्ण वेगात असताना छोटे वर उचलून, जोड काढून, कुलूपबंद केलेले पाहिजे.

इलेक्ट्रिक मोटरला माझा विरोध नाही. १५-२० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात खडकावर उभे राहून तळाची मासेमारी करायची असेल तर जीपीएसने बोट एका जागी धरणारी नाळेवरची मोटर फार उपयोगी आहे. नांगर खडकात अडकत नाही, दोर सोडणे-ओढणे वाचते आणि आवाज नसल्याने मासेही बिचकत नाहीत. नाळेवर असल्याने ती बोटीला ढकलत नाही, ओढते, आणि वाऱ्याच्या तोंडाला बोट आपोआप सरळ राहते. त्यामुळे आठ चौरस मीटरच्या बाजूऐवजी समोरचे तीन-साडेतीन चौरस मीटरच वाऱ्याला सामोरे जातात. म्हणून जागा धरण्याच्या कामाला ११२ पौंड बहुतेक दिवशी पुरतात. मासेमारीचा हा प्रकार आपल्याकडे पुढे वाढणार असेल तर पेट्रोलच्या इंजिनानंतर, दुसऱ्या मोसमात, तिचा विचार करा.

ती घेताना दोन-तीन गोष्टी पक्क्या पाहाव्यात. मोटर खाऱ्या पाण्यासाठीचीच असावी. गोड्या पाण्याची मोटर स्वस्त पडते, पण तिचे सील आणि रंग समुद्रासाठी नसतात आणि उघडल्यावर आतले आर्मेचर हिरवे पडलेले आढळते. शाफ्टची लांबी नाळेच्या उंचीवरून ठरवा: आपल्या बोटीची नाळ पाण्यापासून सुमारे १०० सेंटिमीटर वर असेल, पंखा त्याखाली किमान ४५ सेंटिमीटर हवा आणि लाटेसाठी आणखी ३०, म्हणजे ७२ इंचीपेक्षा कमी शाफ्ट उपयोगाचा नाही. बॅटऱ्या मधल्या कन्सोलखाली ठेवल्या तर नाळेपर्यंत जाऊन-येऊन सुमारे १० मीटर केबल होते. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली तर ५२ अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त दाब वाटेत जातो. ३६ व्होल्टला ते क्षुल्लक आहे. १२ व्होल्टला तोच तोटा पाच टक्क्यांच्या जवळ जातो, आणि मोठ्या बोटीला १२ व्होल्ट न परवडण्याचे हे आणखी एक कारण आहे. केबल कथिलाचा मुलामा दिलेली असावी, ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर बॅटरीच्या अगदी जवळ असावा. घरातल्या बोर्डाचा एसी एमसीबी तिथे लावू नये, कारण डीसी प्रवाहाची ठिणगी त्यात विझत नाही. लिथियम बॅटरीचा बीएमएस (आतला संरक्षक सर्किट) सलग ७०-८० अँपिअर सोसणारा आहे आणि कंपनी त्या बॅटऱ्या मालिकेत जोडायला परवानगी देते, हे लेखी घ्या.

आपल्या मेहुण्यांच्या ओळखीतील कोणाची चाळीस-पन्नास फुटी, आत डिझेल इंजिन असलेली नौका असेल तर तिला यातले काहीच लागू पडत नाही. तिथे गिअरबॉक्सच्या कंपनीला विचारून ट्रोलिंग व्हॉल्व्ह (क्लच पूर्ण न धरता पंखा हळू फिरवणारा) बसवणे, तो चालत नसेल तर ड्रोग टाकणे, एवढेच मार्ग आहेत.

शेवटी देखभालीची बाब. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही इंजिने गोड्या पाण्यावर दहा मिनिटे चालवा, आणि बलिदानी झिंकचा तुकडा (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा) निम्मा झिजला की बदला. त्यावर रंग कधीही मारू नका. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि आपण कोल्हापुरात असता, तेव्हा बोट कोणाच्या भरवशावर राहते हे आधीच ठरवा. बंदीच्या आधी डब्यातले पेट्रोल काढून गाडीत वापरून टाका, कार्ब्युरेटर असेल तर तो कोरडा करा, गिअर ऑइल बदला. जुने तेल दुधाळ निघाले तर सीलमधून पाणी शिरले आहे आणि ते काम पावसाळ्यातच उरकता येते. शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावी. लिथियम बॅटरी मात्र निम्म्या चार्जवर, तारा सोडून, कोरड्या जागी ठेवावी. नवीन इंजिनाची नोंद नौकेच्या कागदपत्रांत आणि विम्यात करून घ्यावी, कारण नोंद नसलेल्या इंजिनावरून दावा अडतो.

काट्यावरचे दोन आकडे, सकाळचा आणि दुपारचा, तसेच ट्रान्समची पाण्यापासूनची उंची आणि मोठ्या इंजिनाच्या शाफ्टची लांबी मला कळवा. त्यावरून सहायक इंजिनाला कोणत्या व्यासाचा आणि पिचचा पंखा घ्यावा हे सांगता येईल.